कादंबरी वाचून झाल्यावर आपलं मत कसं लिहून ठेवावं

माझ्या धाकट्या बहिणीला डोळ्यांच्या त्रासामुळे हल्ली वाचता येत नाही. म्हणून मी वाचलेल्या कादंबऱ्या तिला फोनवर सांगते. सुरुवातीला मी सगळं कथानक सांगत बसायचे. तिसऱ्या की चौथ्या कादंबरीला ती म्हणाली, “ताई, गोष्ट कळली. पण वाचताना तुला काय झालं, ते सांग ना.” मला उत्तर देता आलं नाही. पुस्तक संपून तीनच दिवस झाले होते आणि माझ्यापाशी ‘आवडली’ एवढा एकच शब्द उरला होता. त्या आठवड्यात मी अशा मतांसाठी एक वही सुरू केली. आता चौथी वही चालू आहे. या काळात जे जमत गेलं ते इथे सांगते, म्हणजे ज्यांना आपलं मत लिहायचंय पण सुरुवात सुचत नाही त्यांना उपयोग होईल.

वाचतानाच पेन्सिल जवळ ठेवा, पण वाक्यं अधोरेखित करू नका. अधोरेखित केलेली वाक्यं बहुतेक सुविचारासारखी असतात आणि त्यांचा आपल्या अनुभवाशी फारसा संबंध नसतो. मी समासात फक्त तीन खुणा करते. जिथे थांबून मागे जाऊन पुन्हा वाचावंसं वाटलं तिथे ठिपका, जिथे विश्वास बसला नाही तिथे फुली आणि जिथे कंटाळा येऊन नजर पुढे पळाली तिथे आडवी रेघ. पुस्तक वाचनालयाचं असेल तर एक कागदाची पट्टी आत ठेवायची आणि तिच्यावर पानाचा आकडा लिहायचा. या तिन्हींत रेघ सर्वांत मोलाची. पुस्तक संपेपर्यंत आपण कंटाळलेली पानं विसरतो, विशेषतः शेवट चांगला असेल तर. मग ‘कुठेही रेंगाळत नाही’ असं लिहून मोकळे होतो आणि पट्टीवर मात्र सलग चाळीस पानांच्या रेघा असतात.

शेवटचं पान झालं की एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता, आणि दुसऱ्या कुणाचंही मत न वाचता, जे आठवतंय ते पाच-सहा ओळींत लिहा. ही अट मी फार कसोशीनं पाळते. एकदा दुसऱ्याचं चांगलं वाक्य डोक्यात शिरलं की आपलं कच्चं वाक्य बाहेर यायला लाजतं. त्यानंतर खुणा पाहायच्या. आठवलेलं आणि खुणा जुळले नाहीत तर घाबरू नका, बऱ्याचदा मत तिथेच दडलेलं असतं. एका कौटुंबिक कादंबरीतली आई मला दुसऱ्या दिवशी सर्वांत ठळक आठवत होती, पण तिच्या एकाही पानावर ठिपका नव्हता. पुन्हा चाळल्यावर कळलं की ती फारशी बोलतच नाही. ती सगळ्या प्रसंगांत नुसती हजर असते. लेखकाचं कसब मला त्या न सापडलेल्या ठिपक्यांमुळे दिसलं.

कथानक किती सांगायचं? माझ्या मते दोन वाक्यं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरनं १९२७मध्ये कादंबरीवरच्या व्याख्यानांत गोष्ट आणि कथानक यांतला फरक एका राजा-राणीवरून समजावला होता. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. मी माझ्या दोन वाक्यांत एक तरी ‘त्यामुळे’ येतो का ते पाहते. तीन-तीनदा ‘आणि मग’ आलं तर एक तर मला कादंबरी नीट उमगलेली नाही, नाही तर तिच्यातच जोड नाही. दोन्ही गोष्टी लिहिण्यासारख्या आहेत.

आता शब्दांविषयी. ‘खिळवून ठेवते’, ‘मनाला भिडते’, ‘अंतर्मुख करते’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘एका बैठकीत संपवली’. हे शब्द वाईट नाहीत, पण ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. ते सुचले की लिहा आणि लगेच पुढे ‘कुठे?’ असा प्रश्न लिहा. खिळवून ठेवते, कुठे? कुठल्या पानापासून? तिथे असं काय घडलं की पुढचं प्रकरण उघडणं भाग पडलं? उत्तर मिळालं की मूळ शब्द खोडून टाकायचा. ‘अंतर्मुख करते’ याला मला अजून एकदाही धड उत्तर सापडलेलं नाही, म्हणून तो शब्द मी सोडूनच दिला.

सगळ्यांत जास्त विचार करावा लागतो तो प्रकाराचा. रहस्यकथा, ऐतिहासिक, विज्ञानकथा, भयकथा, प्रेमकथा यांना एकच माप लावलं की अन्याय होतो. प्रत्येक प्रकार पहिल्या काही पानांत वाचकाला एक शब्द देतो, म्हणजे वचन. तो शब्द कोणता आणि तो पाळला का, हे मी वेगळं लिहिते. माझ्या आवडीनिवडीचा मजकूर त्यानंतर.

रहस्यकथेत शब्द असतो न्यायाचा, म्हणजे वाचकाला सोडवायची खरी संधी मिळाली पाहिजे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यांतला एक असा की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. मी कादंबरीच्या मध्यावर थांबून माझा संशय कुणावर आहे आणि का, ते दोन ओळींत लिहून ठेवते. शेवटी माझा अंदाज चुकला म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही. चुकूनही ‘अरे, हे तर माझ्यासमोरच होतं’ असं वाटलं पाहिजे. अगाथा ख्रिस्तीची १९२६ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ मी या वर्षी वाचली. संपल्यावर पहिली भावना फसवणूक झाल्याची होती आणि रागारागात मी तेच लिहिणार होते. पण एक रात्र थांबायचा नियम होता. दुसऱ्या दिवशी सुरुवातीची प्रकरणं पुन्हा वाचली आणि वहीत लिहिलं, ‘त्या रात्रीच्या दहा मिनिटांचा हिशेब लेखिकेनं उघडा मांडून ठेवलाय. मी तो वाचला आणि पुढे गेले.’ हे वाक्य मला अजून आवडतं, कारण ज्यांनी ती वाचली नाही त्यांचा आनंद त्यानं हिरावला जात नाही आणि ज्यांनी वाचली आहे त्यांना मी कुठे बोट ठेवतेय ते कळतं. रहस्यकथेवर लिहायचं तर असं वाक्य शोधावं. शेवट सांगून टाकणं सोपं असतं, पण मग दुसऱ्याच्या वाचनातलं काहीतरी आपण कायमचं काढून घेतो.

ऐतिहासिक कादंबरीत शेवट लपवायचा प्रश्नच नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची. माधवराव पेशवे १७७२मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले, हे ती हातात घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही वाचताना मी प्रत्येक दुखण्यानंतर ते बरे होतील अशी आशा धरत होते. माहीत असलेल्या मरणाला अशी आशा चिकटवता येणं, हे माझ्या दृष्टीनं या प्रकाराचं खरं यश. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. इतिहासाशी इमान राखलंय का, आणि माणूस जिवंत झालाय का. पहिल्याचं उत्तर द्यायला इतिहासाची पुस्तकं उघडावी लागतात. ती उघडली नसतील तर त्यावर मत देऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. खासगी दालनातले संवाद लेखकाचे असतात, कुठल्याही दप्तरात ते सापडत नाहीत. त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करू नये आणि ते काल्पनिक आहेत म्हणून लेखकाला दोषही देऊ नये.

विज्ञानकथेत लेखक एक अशक्य गोष्ट मागून घेतो. ती दिली की पुढचं सगळं तिच्यातून तर्कानं निघालं पाहिजे. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) काळातून प्रवास घडवणारं यंत्र चालतं कसं हे जवळजवळ सांगितलेलंच नाही, आणि मी पहिल्या वाचनात तिथे फुली मारली होती. ती फुली चुकीची होती. यंत्र ही मागून घेतलेली गोष्ट आहे. त्यानंतर सन ८,०२,७०१मध्ये मानवजातीचे जे दोन भाग झालेले दिसतात, ते राबणारे आणि बसून खाणारे या लेखकाच्या काळातल्या फरकातूनच वाढलेले आहेत. त्यामुळे आता मी विज्ञानकथेच्या पानावर आधी लिहिते, ‘काय मागितलं?’ आणि खाली, ‘एकापेक्षा जास्त वेळा मागितलं का?’ मध्येच अडचण आली म्हणून लेखकानं दुसरी सवलत घेतली असेल तर माझं मन तिथेच उतरतं.

भयकथेत शरीर हाच साक्षीदार. कुठे मान वळवून मागे पाहिलं, कुठे दिवा विझवायला उशीर केला, ते त्याच रात्री लिहावं, सकाळी पटत नाही. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) मांडणी रोजनिशी, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं अशी आहे, आणि पहिली चार प्रकरणं एकाच माणसाच्या रोजनिशीची. त्या चार प्रकरणांत माझे अकरा ठिपके आहेत. पुढे शोध आणि पाठलाग सुरू झाल्यावर भीती ओसरत गेली आणि रेघा आल्या. पुष्कळांना उत्तरार्ध आवडतो. मला नाही, आणि मी तसंच लिहिलं. पुस्तक नावाजलेलं आहे म्हणून रेघा पुसायच्या नाहीत.

न आवडलेल्या कादंबरीवर लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेवते, ‘मला रुचली नाही’ आणि ‘लेखकाला जमली नाही’. दुसरं लिहायचं असेल तर पान दाखवावं लागतं. अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइकनं पुस्तकांच्या परीक्षणासाठी जे नियम स्वतःला घालून घेतले होते त्यांतला पहिला हाच होता, की लेखकानं जे करायचं मनातच आणलं नाही ते केलं नाही म्हणून त्याला बोल लावू नये. संथ कादंबरीत वेग नाही ही तक्रार होऊ शकत नाही.

अर्धवट सोडलेली पुस्तकंही वहीत येऊ द्या. पान १२६, सोडली, कारण तिन्ही भाऊ एकाच आवाजात बोलतात. एवढं पुरे. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहा आणि भाषा अडखळली तर ती कुणाची अडखळली हे मूळ न वाचता ठरवू नका. पाचपैकी किती गुण, हे मी पूर्वी द्यायचे. आता देत नाही. दोन वर्षांनी वही उघडल्यावर साडेतीनचा अर्थ लागत नव्हता.

आणि जुनं मत खोडू नका. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) मी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांचे ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ वाचून इतकी वैतागले की वहीत फक्त ‘शैलीचा हट्ट’ असं लिहून ठेवलं. यंदा पुन्हा वाचली. गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या पानांवर आले आणि लक्षात आलं की इतके दिवस तो त्या शब्दांच्या आड उभा होता. आता आडोसा पुरत नाही. जुन्या ओळीखाली मी तारीख घालून नवी ओळ लिहिली. जुनी तशीच ठेवली, कारण तीही माझीच होती, आणि ती नसती तर मी किती अंतर चालले ते कळलं नसतं.

शेवटी एक नोंद जशीच्या तशी देते, म्हणजे लांबी आणि सूर यांचा अंदाज येईल. पुस्तक विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’.

‘१९३९ची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. त्यांतली हॅर्टा आणि सांगणारा चक्रधर विध्वंस. बोट बंदराला लागणार हे पहिल्यापासून माहीत, त्यामुळे प्रत्येक भेटीला मुदत आहे. दिलेला शब्द: प्रेमकथेचा. पाळला? हो, पण युद्ध बाजूला ठेवून नाही. फुल्या: सुरुवातीला चक्रधर बायकांबद्दल जे बोलतो तिथे दोन. माझा त्याच्यावर राग होता. मग ठिपके वाढत गेले आणि राग कधी गेला ते पान मला सापडलं नाही. दोनदा शोधलं. आकारानं लहान, पण मी मध्ये एक दिवस थांबले, कारण शेवटाकडे जायचं धैर्य होत नव्हतं. पुन्हा वाचणार. बहिणीला सांगताना शेवट सांगायचा नाही, मोठ्यानं वाचून दाखवायचा.’