क्षारपड रानातले जिवाणू : मीठ सोसणारे की मीठ लागणारे?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात मीठ फुटलेलं रान शोधायला लांब जावं लागत नाही. त्यामुळे एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला हा विषय सहज सुचतो. विषय चांगलाच आहे. फक्त ‘क्षारपड माती म्हणजे मिठावर जगणारे जिवाणू’ एवढ्या हिशेबावर सुरुवात केली, तर सहा महिन्यांनी अहवालात चुकीचं नाव पडतं.

आधी आकडा बघा. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. म्हणजे लिटरला साधारण अडीच ग्रॅम क्षार, पाव टक्का. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के असतात. (माती-पाणी १:२.५ करून घेतलेलं रीडिंग याहून कमी येतं, ते या ४ शी ताडून बघू नका.) पाव टक्क्याच्या मातीत मिठाशिवाय न जगणारे जिवाणू मुबलक सापडतील ही अपेक्षाच चूक. तिथे बहुतेक करून मीठ सोसणारे मिळतात, बॅसिलससारखे. म्हणून नमुना एप्रिल-मेमध्ये, मीठ वर साचलेलं असताना, पाऊस पडायच्या आत घ्या. वरचा पांढरा पापुद्रा, फार तर दोन सेंटीमीटर, चमच्याने खरवडून एका पिशवीत आणि खालची १५ सेंटीमीटरपर्यंतची माती दुसऱ्या पिशवीत. दोन्ही एकत्र केलंत की पापुद्र्यातलं मीठ आणि त्यातले जिवाणू दोन्ही पातळ झाले.

खरे मीठखाऊ, म्हणजे मिठाशिवाय न जगणारे, हवेत तर बाजारातला खारवलेला बांगडा आणा. त्यावर कधी गुलाबी-तांबूस थर दिसतो, तो त्यांचाच. फक्त ते बहुधा जिवाणू नसून आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव) असतात, हे अहवालात विसरू नका.

मीडियममध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्यात, सगळ्यात जास्त चुका होतात. तयार न्यूट्रिएंट अगारच्या पावडरीत लिटरला ५ ग्रॅम मीठ आधीच असतं. म्हणजे तुमची ‘शून्य टक्के’ प्लेट अर्ध्या टक्क्याची झाली, आणि ‘मिठाशिवाय वाढतो का’ या प्रश्नाचं उत्तर तिथेच गेलं. पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि अगार वेगवेगळे तोलून शून्याची प्लेट स्वतः बनवा. पेप्टोनमधून थोडा सोडियम येतोच, तेवढा चालतो. पुढे २, ५, १०, १५, २०, २५ टक्के. २५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम मीठ घेऊन एकूण १०० मिली करायचं. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम टाकलं तर द्रावण सुमारे १०९ मिली होतं आणि हाती येतात २३ टक्के. जास्त मिठाच्या प्लेटला अगार दीडऐवजी दोन टक्के घ्या, नाहीतर थर लिबलिबीत राहून लूपने (जिवाणू उचलायच्या तारेच्या कडीने) फाटतो.

माती १० ग्रॅम आणि द्रव ९० मिली, हे नेहमीचंच. पण पातळ करायला साधं ०.८५ टक्के सलाइन वापरू नका. ज्या मिठाच्या प्लेटवर पसरायचं, त्याच मिठाचं पाणी घ्या. जास्त मिठाला सरावलेल्या पेशी साध्या सलाइनमध्ये पडल्या की पाणी आत घुसून फुटतात. मग प्लेट कोरी आणि दोष मातीला.

पाच-दहा टक्क्यांच्या प्लेटवर दोन-तीन दिवसांत कॉलनी (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) दिसतात. वीसच्या पुढे ३७ अंशांवर आठ ते पंधरा दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात प्लेट वाळून मिठाचे चौकोनी खडे उगवतात आणि नवखा माणूस त्यांनाच कॉलनी म्हणून मोजतो. प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. शंका आली तर सूक्ष्मदर्शक. खड्याला कोपरे असतात.

वाढीचा आलेख काढायला ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणा मोजताना ब्लँक (शून्य धरायचा नमुना) त्याच मिठाच्या मीडियमचा लावा. दोन टक्के मिठात वाढवलेले जिवाणू (कल्चर) थेट पंधरा टक्क्यांत टाकले की कित्येक तास, कधी दोन दिवसही काही हलत नाही. पेशी तेवढ्या वेळात बाहेरून बीटाइन ओढतात किंवा प्रोलिन, एक्टोइनसारखे रेणू आत बनवून पाण्याचा तोल सांभाळतात. ही थांबलेली अवस्था हाच अभ्यासाचा मजकूर आहे, तिला ‘वाढ नाही’ म्हणून खोडू नका. शेकरवर बोळा लावलेला फ्लास्क चार दिवस फिरला की पाणी उडून मीठ चढतं. रोज फ्लास्क तोला आणि घटलेलं वजन निर्जंतुक पाण्याने भरून काढा.

ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू ओळखायला रंग देणं) नेहमीसारखं केलंत तर स्लाइडवर मिठाची जाळी आणि फुटक्या पेशींचा चिकटा दिसेल. स्मिअर (काचेवर पसरलेला पेशींचा पातळ थर) हवेत वाळवून दोन टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये पाच मिनिटं ठेवा. पेशी पक्क्या होतात, मीठ धुतलं जातं. नंतर पाण्याने न धुता वाळवा, मग रंग द्या. आणखी एक सोपी तपासणी : लाल कॉलनी थेंबभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. गढूळ थेंब बघता बघता नितळ होऊन लूपला तार धरू लागला, तर पेशी फुटून डीएनए बाहेर आला आहे. असा जीव नुसता मीठ सोसणारा नाही, मीठ लागणारा आहे.

एकाच कल्चरमध्ये मिठाबरोबर रूप बदलताना दिसेल. आखूड दांड्या लांब दोऱ्यासारख्या होतात, रंग गडद-फिका होतो. त्याला लगेच म्युटेशन म्हणू नका. मूळ मिठाच्या प्लेटवर ओळीने तीन वेळा स्ट्रीक करा. जुनं रूप परत आलं तर ते जुळवून घेणं होतं. नाही आलं, तर आधी भेसळ झाली नाही ना ते पाहा. मगच बदल पिढीत उतरल्याचा संशय धरा आणि दोन्ही रूपांना वेगळे नंबर द्या. हॅलोबॅक्टेरियमच्या (नाव काहीही असलं तरी हा आर्कियाच) काही जातींत पेशीतल्या वायूच्या पिशव्या जाऊन दुधाळ गुलाबी कॉलनी पारदर्शक लाल होते. हा बदल शंभरात एखाद्या कॉलनीत दिसावा इतका सर्रास घडतो. दोन्ही रूपं २० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठवा. ग्लिसरॉल त्याच मिठाच्या मीडियममध्ये मिसळा, पाण्यात नाही.