जुन्या नकाशावरून जंगल मोजताय? या चुका टाळा

जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवला की पहिल्याच नजरेत वाटतं, ‘केवढं जंगल गेलं!’ पण आकडा मांडण्याआधी त्या गेलेल्या पट्ट्या एकेक करून बघा. जंगलाच्या प्रत्येक तुकड्याची पश्चिमेची कड तुटलेली आणि पूर्वेची वाढलेली दिसत असेल, तर तिथे कुऱ्हाड चाललेलीच नाही. नकाशाच पश्चिमेला सरकून बसलाय. १:७५,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साडेसदतीस मीटर. पेनाच्या एका रेघेत अख्खा पट्टा ‘नष्ट’ होतो.

हे सरकणं बहुतेकदा आपल्याच हातून होतं. खुणेचे बिंदू, म्हणजे जुना नकाशा आजच्या चित्राशी जुळवायला दोन्हींवर निवडलेल्या त्याच त्या जागा, म्हणून नदीची वळणं किंवा घाटरस्ते घेऊ नका, दोन्ही जागा बदलतात. जुनी चर्च, त्रिकोणमितीची ठाणी (मोजणीसाठी पक्की केलेली ठिकाणं), ठळक शिखरं घ्या, आणि ती दरीतही हवीत, धारेवरही. सॉफ्टवेअरने त्रुटी (बिंदू जुळवताना उरलेलं अंतर) शून्य दाखवली म्हणून खूश होऊ नका. नकाशा ताणून बसवणारं दुसऱ्या घाताचं बहुपदी समीकरण नेमक्या सहा बिंदूंवर बसवलं तर त्रुटी शून्यच येणार, मग बिंदू चुकीचे का असेनात! पंधरा-वीस बिंदू घ्या आणि चार-पाच बिंदू फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवा.

नकाशा शेकडो मैल भलतीकडे गेला, तर रेखांश कुठून मोजलेत ते बघा. मध्य आणि पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरांचे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या काळातले नकाशे रेखांश ग्रिनिचवरून नाही, अटलांटिकमधल्या फेरो बेटावरून मोजतात. त्यातून सुमारे १७ अंश ४० मिनिटं वजा करावी लागतात.

कृष्णधवल स्कॅनवर गर्द काळा भाग दिसला की तो घनदाट जंगल समजला जातो. तसं नसतं. या नकाशांवर उतार बारीक रेघांनी दाखवलेत, आणि त्या लेमानच्या पद्धतीत उतार जितका तीव्र तितक्या रेघा जाड. उघडा कडासुद्धा काळाकुट्ट दिसतो. रंगीत प्रत मिळवा, नकाशाच्या चिन्हसूचीशी ताडून पाहा.

छापलेलं वर्ष म्हणजे मोजणीचं वर्ष नव्हे. ऑस्ट्रिया-हंगेरीची तिसरी लष्करी मोजणी १८६९ ते १८८७ दरम्यान झाली. पुढच्या आवृत्त्यांत अनेकदा रस्ते, रेल्वे नवे आणि जंगलाची कड मात्र जुनीच राहिली.

मोजणीदारांनी हे डोंगर पायी तुडवून काढले, त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांच्या रेघेवर तिला पेलवेल एवढाच भार टाकावा. नकाशाच्या त्रुटीहून अरुंद पट्टी ‘तुटली’ किंवा ‘वाढली’ यात मोजू नका, ‘अनिश्चित’ अशी वेगळ्या रंगात दाखवा.