गाडी गॅरेजला टाकण्याआधी या चुका टाळा राजेहो, उन्हाळा तोंडावर आहे

परवा पुन्हा एका पोट्ट्याचा फोन आला. "दादा, गाडी गरम होऊन राहिली होती, मिस्त्रीनं थर्मोस्टॅटच काढून टाकला, आता एकदम मस्त आहे." मस्त आहे म्हणे. मी म्हटलं मे महिन्यात फोन कर मग.

मी काही मेकॅनिक नाही. नोकरी वेगळी, पण रविवारी बोनेटमध्ये डोकं घालून बसायची खोड आहे. २००७ ची पेट्रोल स्विफ्ट, जुनं १२९८ सीसीचं जी१३ इंजिन, एमएच ३१ ची गाडी. १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत ५००० रुपये भरून पुन्हा पासिंग करून आणली, घरच्यांनी वेड्यात काढलं. इतक्या वर्षांत नागपुरातली बरीच गॅरेजं पाहून झाली, चांगली पण, आणि अशी पण की तिथून गाडी परत मिळाली यातच आनंद. आणि खरं सांगू, माझं अर्धं नुकसान गॅरेजवाल्यानं केलं, अर्धं मी स्वतः घाई करून केलं.

थर्मोस्टॅट काढणे आणि बोअरचं पाणी टाकणे

ही माझी सगळ्यात आवडती चीड आहे त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरच्या मधातला दरवाजा. इंजिन थंड असताना बंद राहतो म्हणून ते लवकर तापतं, मग ८०-९० अंशांच्या आसपास उघडतो आणि पाणी रेडिएटरला जातं. आपल्याकडे मिस्त्रीचं लॉजिक असं की दरवाजाच काढून टाका, पाणी कायम फिरत राहील. "नागपुरात काय बर्फ पडते काय भाऊ, याची गरजच नाही." ऐकायला इतकं पटतं न बाप्पा. पण होतं काय की हिवाळ्यात सकाळी इंजिन पुरेसं तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून थंडच आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, झीज वाढते. आणि मूळ बिमारी होती ती तशीच आत बसलेली.

माझ्या गाडीची मूळ बिमारी होती पंख्याचा रिले, म्हणजे पंख्याला करंट देणारा स्विच. गाडी सीताबर्डीच्या सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा चढायचा, वर्धा रोडला लागली की खाली यायचा. हे लक्षात ठेवा, यात अर्धं निदान आहे: उभ्या गाडीत गरम आणि चालत्या गाडीत ठीक म्हणजे आधी पंखा, रिले, फ्यूज, पंख्याचा सेन्सर पाहा. उलटं असेल, म्हणजे ८०-१०० ला सतत पळवली की गरम, तर रेडिएटर चोक, वॉटर पंप नाहीतर थर्मोस्टॅट अर्धवट अडकलेला. माझ्या तेव्हाच्या मिस्त्रीनं यातलं काहीच पाहिलं नाही. थर्मोस्टॅट काढला, पंखा रिले सोडून डायरेक्ट जोडून दिला, हिरवं कुलंट नालीत सोडलं आणि बोअरचं पाणी भरलं. ३५० रुपये घेतले. मी खूश, कारण बाकीचे दोन हजार सांगून राहिले होते.

मे महिन्यात हिंगणघाटला लग्न होतं. दुपारी एकला निघालो, हीच पहिली अक्कल. बुटीबोरीच्या आधी ट्रकची रांग लागली, गाडी २० मिनिटं जागेवर, आणि त्या डायरेक्ट वायरनं तिथेच जीव सोडला. काटा चढला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या, बायकोची साडी, गजरा आणि मूड तिन्ही गेले. रांग सुटली तसा काटा थोडा उतरला, म्हटलं चालते, जामच्या चौरस्त्यावर थांबू, चहा पण होईल. बोनेटकडून थोडा वास येत होता, दुर्लक्ष केलं. मग जामच्या बरंच आधी काटा अचानक खाली, एकदम थंडच्या खुणेकडे. आणि मी काय म्हणावं? "पाहा, झाली न थंड."

झाली काय थंड. पाणी उकळून उडून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच बरोबर सांगतो, नुसत्या वाफेत लटकला की काहीही दाखवतो. गरम गाडीचा काटा एकाएकी पडला तर ती खुशखबर नाही, तिथेच किल्ली फिरवून बंद करा, लग्न गेलं खड्ड्यात. मी आणखी सहा-सात किलोमीटर ओढली. मग ती खडखडली आणि बंद पडली. आणि वर शहाणपण असं की ढाब्यावरून थंड पाण्याची बादली आणून तापलेल्या इंजिनवर ओतायला निघालो होतो, तिथल्या एका ट्रक ड्रायव्हरनं हात धरला म्हणून वाचलो. त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे.

हेड, म्हणजे इंजिनचा सिलिंडरवरचा भाग, उतरवलं तेव्हा वाकलेलं होतं. लेथवाल्यानं सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातलं, सगळ्यात वाईट जागी ०.१५ मिलिमीटर. या इंजिनाला ०.०५ च्या वर चालत नाही. हेड फेसिंग (घासून सपाट करणे), नवीन हेड गॅस्केट (हेडखालची पॅकिंग), नवीन रिले, रेडिएटर साफ, टोइंग धरून १७ हजार. साडेतीनशेचं काम होतं ते.

आता माझी पद्धत. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिळतं तेच. बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार धरतो, बाथरूमच्या नळाला पांढरं धरतं न, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत होतं. कुलंट फक्त बर्फासाठी असतं हा समज डोक्यातून काढा, ते गंज थांबवतं आणि उकळायचा आकडा वर नेतं, आणि जिथं २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ ला गेला त्या गावात हे दोन्ही लागतं. रेडिएटरचं झाकण पण पाहा, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. कुकरची शिटी सैल असली की डाळ शिजत नाही तसं झाकण सैल असलं की पाणी लवकर उकळतं. झाकण स्वस्त आहे, बदला. गरम असताना उघडू नका, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्यानं लटकवा, गॅसवर ठेवा, थर्मामीटर घाला आणि कधी उघडतो ते पाहा. पातेलं जुनं घ्या. चांगलं घेतलं तर घरात वेगळं इंजिन गरम होते.

"खोलून पाहू" ला हो म्हणणे

दुसरी चूक पैशाच्या हिशेबानं पहिलीपेक्षा मोठी. मिस्त्री धूर पाहतो, मान हलवतो, म्हणतो "फुल इंजिन निघते भाऊ, खोलून पाहू." आणि आपण हो म्हणतो कारण शनिवार आहे आणि सोमवारी ऑफिसला गाडी पाहिजे. एकदा खोललं की गाडी तुमची नाही राहिली. अर्धं इंजिन टेबलवर असताना तुम्ही भाव काय करणार?

माझ्या एका मित्राच्या गाडीतून सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर यायचा, दोन मिनिटांत गायब. बस एवढंच. पिकअप ठीक, अॅव्हरेज ठीक. कामठी रोडकडच्या एका गॅरेजवाल्यानं ५५ हजारांचं फुल इंजिन सांगितलं आणि यानं ३० हजार अॅडव्हान्स देऊन टाकले. कागद नाही, काही नाही. जूनमध्ये खोललं. पिस्टन एका पोत्यात, बोल्ट सगळे मिळून ऑइलच्या कापलेल्या डब्यात, ब्लॉक लिंबाच्या झाडाखाली उघडा. मग पाऊस. दर वेळी फोन केला की "सिलिंडर बोअरचं काम लेथवर आहे, उद्या येते." ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं गेलो तेव्हा सिलिंडरच्या आत तांबूस गंज आणि एका कनेक्टिंग रॉडची कॅप सापडत नव्हती. जी बिमारी नव्हती ती पण आता झाली होती. शेवटी गाडी तशीच, पोत्यासकट, टेम्पोत घालून आणली.

काय असावं ते? नुसते वॉल्व्ह सील. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल वॉल्व्हच्या कडेनं ठिबकतं, सकाळी जळतं, संपतं. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर अॅक्सिलरेटर दाबला की, चढावर, सतत धूर आला असता. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळून राहिलं. पांढरा, गोडसर वासाचा आणि थांबतच नाही असा, सोबत कुलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट. डिसेंबरात सकाळी थोडी पांढरी वाफ सगळ्यांच्याच गाडीतून येते, त्यासाठी गॅरेज गाठू नका.

खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. अर्ध्या तासाचं काम आहे. सगळे प्लग काढायचे, गेज लावायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. माझ्या इंजिनाला १४ किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) आसपास चांगलं, १२ च्या खाली खराब, आणि दोन सिलिंडरमधला फरक एक किलोच्या आत हवा. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. एखाद्यात कमी आला तर चमचाभर ऑइल त्यात टाकून परत मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. ज्या गॅरेजात हे गेज नाही आणि तरी फुल इंजिन सांगून राहिले, तिथून पाय काढायचा. बसून वाद घालायचा नाही, "घरी विचारून सांगतो" म्हणायचं आणि निघायचं.

आणि लिहून घ्या. काय काम, कोणता पार्ट, किती पैसे, कधी देणार. लाज वाटते आपल्याला, "विश्वास नाही काय दादा" म्हटलं की आपण विरघळतो. पक्कं बिल नसेल तर उद्या ग्राहक आयोगात काय घेऊन जाणार, पोतं?

बाकीच्या, पटापट

हेडचे बोल्ट "हाताला अंदाज आहे" म्हणून कसणारा मिस्त्री कितीही अनुभवी असो, त्याला टॉर्क पाना द्या. कसताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. माझा स्वतःचा पाना आहे, मी सोबत नेतो, लोक हसतात.

तापलेल्या इंजिनात प्लग बदलू नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं, प्लगच्या भोकातल्या चुड्या गेल्या की रडाल. आधी बोटांनी फिरवा, सरळ बसला की मगच पाना.

स्कॅनरचा कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी०१७१ आला की लोक सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो कोड एवढंच सांगतो की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, बरेचदा कुठलातरी दहा रुपयांचा व्हॅक्यूम पाइप तडकलेला असतो.

आजकाल काही झालं की "इथेनॉलचं पेट्रोल आहे न". जुन्या गाडीच्या रबरी पाइपांना आणि सीलना ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) त्रास होऊ शकतो, हे खरं आहे, दर वर्षी पेट्रोलचे पाइप तपासा. पण मिस्त्रीनं प्लगची वायर अर्धवट लावली हा इथेनॉलचा दोष नाही.

टायमिंग बेल्ट असलेली जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला ते माहीत नाही, तर तो बदललेला नाही असं समजा. पुढचं काही विचारू नका, बदला.

इंजिन फ्लश, डीकार्बन, दीड हजाराची बाटली, हे सगळं वेळेवर ऑइल न बदलणाऱ्यांसाठी. आणि प्रेशर पाण्यानं इंजिन धुवायची हौस असेल तर दुसऱ्या दिवशी मिस मारते म्हणून मला फोन नको.

ऑइल मी स्वतः आणतो, सील माझ्यासमोर फोडायचं, रिकामा डबा तिथेच कापून टाकायचा, नाहीतर त्याच डब्यात भलतंच ऑइल भरून विकतात. आणि जुने पार्ट परत मागायचेच. आत देण्याआधी मी पार्टवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावतो, म्हणजे बदलला की नुसता पुसला ते कळते. सध्याचा माझा मिस्त्री मला गेटवर पाहिलं की आतल्या पोट्ट्याला ओरडतो, "जुनं सामान पिशवीत भरून ठेव बे, नेलपॉलिशवाले आले."