जुन्या चेतकचा रंग काढताना सांधे जपा

आकुर्डीत बनलेल्या जुन्या बजाज चेतकची बॉडी पत्र्याची, म्हणून पेंट रिमूव्हर चालतो. पण रबर, प्लास्टिक, वायरिंग आधी काढून घ्या. बीडिंग, म्हणजे कडेची पट्टी, पुण्याच्या नाना पेठेत नवं मिळेल.

खरी मेख सांध्यांत आहे. पत्र्याच्या दुमडीत रिमूव्हर शिरला की धुऊनही निघत नाही आणि काही महिन्यांनी नवा रंग तिथूनच फुगतो. म्हणून दुमडीपासून अर्धा इंच मास्किंग टेप लावा. तेवढी पट्टी नंतर हाताने ओला पॉलिश पेपर मारून काढा. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

रिमूव्हर जाड थापा, ब्रश एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा फिरवू नका. वर प्लास्टिकचा कागद झाका. १५-२० मिनिटांत रंग सुरकुततो, साय धरल्यासारखा. मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. वाफ जड असते, साधा मास्क ती अडवत नाही. त्यामुळे काम उघड्यावरच, बंद पार्किंगमध्ये अजिबात नको. पातळ हातमोजे विरघळतात. ग्राइंडर तर लावूच नका, तापून पत्रा लहरतो.

शेवटी डब्यावरच्या सूचनेप्रमाणे धुवा, लगेच कोरडं करा, थिनरने पुसा, ८० आणि मग १८० नंबरचा पेपर मारा. इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंजरोधक थर, त्याच दिवशी. पुण्याच्या पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.