टर्मिनलवरून पॉवर स्ट्रिप: लांबचं सॉकेट बंद-चालू करताना

इथे स्ट्रिप म्हणजे नेटवर्कला जोडलेली पॉवर स्ट्रिप, जिची सॉकेट लांबून कमांड देऊन बंद-चालू करता येतात; अडकलेलं मशीन तिथे न जाता रीस्टार्ट करायला ती वापरायची. पण तिच्याकडे वळण्याआधी तिला जोडलेल्या मशीनकडे बघा. वीज गेली आणि परत आली, तर ते आपोआप सुरू होतं का? पीसी आणि सर्व्हरच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा अशाच काहीशा नावाचं सेटिंग असतं. ते 'पॉवर ऑन' वर ठेवा. नाहीतर लांबून सॉकेट कितीही वेळा बंद-चालू करा, मशीन ढिम्म हलणार नाही आणि शेवटी बटण दाबायला कुणीतरी जावंच लागेल. स्ट्रिप विकत घेण्याआधीच ही चाचणी करा: प्लग उपटा, थोडं थांबा, परत लावा, आणि बटणाला हात न लावता बघत बसा.

स्ट्रिप निवडताना दोन गोष्टी बघा. एक, प्रत्येक सॉकेटला स्वतःचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आहे का. सर्व्हरच्या रॅकमध्ये बसणाऱ्या पीडीयूंमध्ये (मोठ्या पॉवर स्ट्रिपच त्या) 'मीटर्ड' म्हणजे फक्त करंट मोजणारी आणि 'स्विच्ड' म्हणजे सॉकेट बंद-चालू करणारी. नावं शेजारी-शेजारी छापलेली असतात आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. दुसरी गोष्ट, स्ट्रिप लोकल नेटवर्कवर थेट कमांड घेते का. जी फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधून आणि क्लाउडमधूनच चालते, ती मी घेत नाही. इंटरनेट गेलं की मॉडेम रीस्टार्ट करायचा असतो, आणि नेमकी तेव्हाच असली स्ट्रिप मुकी होते.

स्ट्रिप आल्या आल्या राउटरमध्ये तिच्यासाठी डीएचसीपी रिझर्वेशन करा, म्हणजे तिचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायम तोच राहील. पुढच्या उदाहरणांत तो १९२.१६८.१.५० धरलाय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अक्षरं रोमन आणि अंक इंग्रजी टाका.

आता खरा मुद्दा. 'ऑफ' ही कमांड एकटी पाठवू नका. आधी 'ऑफ', मग दहा सेकंदांनी आपल्या लॅपटॉपवरून 'ऑन', असं केलं तर त्या दहा सेकंदांत तुमचं कनेक्शन तुटू शकतं. त्या सॉकेटवर राउटर किंवा नेटवर्क स्विच असेल तर ते तुटणारच. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडण्यातला प्रकार. म्हणून 'बंद कर, इतकं थांब, चालू कर' ही अख्खी साखळी एकाच कमांडमध्ये स्ट्रिपच्या हवाली करायची. वेळ मोजायचं काम तिचं.

टास्मोटा या स्मार्ट उपकरणांसाठीच्या मुक्त फर्मवेअरवर (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या स्ट्रिपसाठी हे अगदी सोपं आहे. तिला एचटीटीपीवरून कमांड जाते. कर्ल (टर्मिनलवरून वेब पत्त्याला विनंती पाठवणारी कमांड) लिहा, मग मोठ्या अक्षरातलं हायफन जी, मग डबल हायफन डेटा-यूआरएलएनकोड. त्यापुढे सिंगल कोट्समध्ये: सीएमएनडी=बॅकलॉग पॉवर३ ऑफ; डिले १५०; पॉवर३ ऑन. शेवटी पत्ता: एचटीटीपी, कोलन, दोन स्लॅश, १९२.१६८.१.५०/सीएम. 'पॉवर३' म्हणजे तिसरं सॉकेट. 'बॅकलॉग' म्हणजे पुढच्या कमांड एकामागून एक चालव. 'डिले' सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणून १५० म्हणजे १५ सेकंद. सिंगल कोट्स विसरलात तर शेल (टर्मिनलवर कमांड वाचणारा प्रोग्रॅम) अर्धविरामापाशी कमांड तोडेल आणि स्ट्रिपपर्यंत पुरता मजकूर जाणारच नाही. डेटा-यूआरएलएनकोडमुळे स्पेस आणि अर्धविराम हाताने बदलत बसावं लागत नाही. वेब पासवर्ड लावला असेल तर यूजर आणि पासवर्ड हे दोन पॅरामीटर त्याच पद्धतीने जोडा. आणि 'पॉवर०' म्हणजे सगळी सॉकेट एकदम, तेव्हा शून्य टाइप करताना बोट सांभाळून.

पंधरा सेकंद का? पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. दोन सेकंदांत वीज परत दिली तर काही उपकरणं धड बंदच झालेली नसतात आणि अडकलेल्या अवस्थेतच राहतात. मी दहाच्या खाली जात नाही.

रॅकमधल्या पीडीयूला एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं सांभाळायची भाषा, कळतं, यूडीपी पोर्ट १६१ वर. एपीसी या कंपनीच्या जुन्या स्विच्ड पीडीयूंत सॉकेटचा ओआयडी (त्या भाषेतला त्याचा आकड्यांचा पत्ता) १.३.६.१.४.१.३१८.१.१.१२.३.३.१.१.४ असा असतो आणि त्याच्यापुढे टिंब देऊन सॉकेटचा नंबर. त्यात ३१८ हा एपीसीचा नंबर. तिथे १ लिहिलं की चालू, २ लिहिलं की बंद, ३ लिहिलं की रीबूट. आपल्याला हवा तो ३. बंद राहण्याचा काळ पीडीयूच्याच सेटिंगमध्ये 'रीबूट ड्युरेशन' म्हणून ठरवता येतो. कमांड एसएनएमपीसेट, तिच्यात एसएनएमपीचं व्हर्जन, ओळख (यूजर-पासवर्ड वगैरे), आयपी, ओआयडी, मग पूर्णांकासाठी आय आणि शेवटी ३. हाच ओआयडी एसएनएमपीगेटने वाचला तर सॉकेटची सध्याची स्थिती मिळते. नव्या मॉडेलांत ओआयडी वेगळा असतो, तेव्हा आपल्या मॉडेलची एमआयबी फाइल, म्हणजे ओआयडींची यादी, उघडून बघा.

एसएनएमपीच्या व्हर्जन १ आणि २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे खरं तर पासवर्डच, उघड्या अक्षरांत वायरवरून जाते, आणि 'प्रायव्हेट' हा डीफॉल्ट सगळ्या जगाला पाठ आहे. व्हर्जन ३ वापरा, ऑथप्रिव्ह पातळीवर (ओळख तपासून आणि मजकूर कूटबद्ध करून), आणि जुनी व्हर्जन बंद करा. टास्मोटाचं एचटीटीपी तर साधंच असतं. म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून स्ट्रिप इंटरनेटवर उघडी टाकायचा विचारही करू नका. आधी वायरगार्ड या व्हीपीएनने नेटवर्कमध्ये शिरा, किंवा एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून) एखाद्या छोट्या बोर्डवर जाऊन तिथून कमांड द्या. हा बोर्ड स्ट्रिपवर नको, भिंतीतल्या सॉकेटवर हवा. राउटरही शक्यतो तिथेच.

सॉकेटचे नंबर लक्षात ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही. मशीन अडलेलं असताना घाईत ३ च्या जागी ४ टाइप होणं सहज शक्य आहे, आणि ४ वर बॅकअप घेत असलेली डिस्क असू शकते. एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा: तिला 'कॅमेरा', 'मॉडेम' अशी नावं द्यायची, आतल्या केस स्टेटमेंटमध्ये (नाव आणि नंबरांच्या जोड्यांमध्ये) नावाचा नंबर होतो, आणि यादीत नसलेलं नाव दिलं तर ती काही न करता थांबते. डिस्कचं नाव त्या यादीत मी मुद्दाम घातलेलं नाही. स्टोरेज एसएसएच करून शटडाउन करायचं. त्याची वीज ओढणं हा शेवटचा उपाय. मशीन बरीच असतील तर पॉवरमॅन हे जुनं, भरवशाचं साधन बघा: कॉन्फिग फाइलमध्ये नाव आणि सॉकेट जोडायचं, मग हायफन क्यू ने स्थिती, हायफन सी ने बंद-चालू.

हीटर, इस्त्री, मोटर असलं काही या स्ट्रिपवर लावू नका. समोर कुणी नसताना ते चालू होणं धोक्याचं आहे.

उरलं ते आपोआप रीस्टार्ट. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनातून) दर पाच मिनिटांनी मशीनला पिंग करायचं, म्हणजे ते उत्तर देतंय का बघायचं, आणि सलग तीनदा उत्तर नाही आलं तरच सॉकेट फिरवायचं. तासातून एकदाच, याहून जास्त नाही. शेवटच्या रीस्टार्टची वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी आधी ती तपासा. ही मर्यादा नसेल तर फाइलसिस्टम तपासत असलेलं मशीन दर पंधरा मिनिटांनी मध्येच बंद होत राहील, आणि तपासणी काही पुरी व्हायची नाही. मॉडेमच्या बाबतीत पिंग बाहेरच्या पत्त्याला करा, पण एकाला नव्हे, दोघांना. दोन्ही गप्प असतील तरच.