नीटमध्ये गुण मधलेच आले? कागद, क्रम आणि पैसे असे लावा

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: "एवढ्या मार्कांवर एमबीबीएस मिळेल का?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण जागा मार्कांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळते. २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता १६२ गुणांना होती. २०२५ चा पेपर अवघड गेला, पात्रता १४४ वर उतरली आणि देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ७२० पैकी ६८६ च गुण होते. त्या वर्षी आदल्या वर्षीचा कटऑफ मार्कांत बघून अनेकांना आपलं काही खरं नाही असंच वाटलं असतं. म्हणून वहीत दोनच आकडे लिहा: अखिल भारतीय क्रमांक, आणि राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची यादी लागली की राज्य गुणवत्ता क्रमांक.

आता सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीच्या निवड याद्या उतरवून घ्या, त्याही फेरीवार. प्रत्येक कॉलेजात तुमच्या प्रवर्गातला शेवटचा क्रमांक पहिल्या फेरीत किती होता आणि शेवटच्या फेरीत किती झाला, हे शेजारी शेजारी मांडा. मधल्या गुणांच्या मुलाचा प्रवेश बहुतेक वेळा या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी होतो. जुन्या याद्यांच्या नादी लागू नका. २०२० पर्यंत ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांनाच राखीव असत, त्यामुळे तेव्हाचे आकडे आज निरुपयोगी आहेत. २०२४ मध्ये हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा, जालना, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई इथे नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, ती त्याआधीच्या यादीत सापडणारच नाहीत. काठावरच्या क्रमांकासाठी ही नावं यादीत असायलाच हवीत. गाव लहान म्हणून वगळणं परवडणारं नाही.

अर्ज दोन ठिकाणी करायचे असतात. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, भरते. राज्याच्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजं सीईटी सेलकडे असतात. एकीकडे नोंदणी केली म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही. राज्याच्या जागेसाठी अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही मोजके अपवाद माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. अकरावीला राजस्थानातलं कोटा शहर किंवा हैदराबाद गाठून बारावी तिथूनच दिलेली मुलं इथे अडकतात.

सर्वात जास्त घात होतो तो कागदपत्रांत. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. वैधता समितीकडून यायला महिने लागतात, म्हणून अर्ज अकरावीतच टाकलेला बरा. नॉन-क्रिमीलेअर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. गेल्या वर्षीचं चालत नाही, आणि तेवढ्यावरून मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. मधल्या क्रमांकाला हा फरक सरकारी आणि खासगी कॉलेजमधला ठरू शकतो. एमसीसीला ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा नमुना तिथे ग्राह्य धरत नाहीत. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हे प्रवर्ग केंद्राच्या प्रक्रियेत स्वतंत्र नाहीत, त्यामुळे आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते वेगळं बघावं लागतं. एक वर्ष गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आधीच करून ठेवा.

एमसीसीची अनामत रक्कम अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख रुपये असते. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. सायबर कॅफेवाल्याच्या किंवा एजंटाच्या कार्डावरून भरलेत, तर पुढे त्याच्या मागे फिरत बसाल.

आता पसंतीक्रम. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या क्रमांकाला जी पहिली मोकळी जागा लागेल ती देऊन थांबतो. हे कॉलेज आपण कितव्या नंबरावर लिहिलंय याचा तिथे हक्क सांगताना काही उपयोग नसतो. दहाव्या पसंतीला लिहिलेल्या कॉलेजवर तुमचा दावा तेच पहिलं लिहिणाऱ्या, पण तुमच्या मागे क्रमांक असलेल्या मुलापेक्षा पक्काच राहतो. म्हणून "मिळण्यासारखं आधी" हा घरगुती सल्ला सरळ नुकसान करतो: वर लिहिलेलं मिळालं की त्याखालचं चांगलं कॉलेज बघितलंच जात नाही. यादी इच्छेच्या क्रमाने लावा. अशक्य वाटणारी चार नावं वर टाका, त्यात काहीच जात नाही. यादी लांब ठेवा, पण मिळालं तरी जाणार नाही असं एकही नाव ठेवू नका.

जागा मिळाल्यावर राज्याच्या प्रक्रियेत प्रवेश घेताना स्टेटस रिटेन्शन फॉर्म समोर येतो. तो भरला म्हणजे "मला हेच कॉलेज पुरे, पुढच्या फेऱ्या नकोत" असं लिहून दिलं. वरची जागा हवी असेल तर तो भरू नका. मात्र पुढच्या फेरीत वरची पसंती लागली की आधीची जागा आपोआप जाते, म्हणून प्रत्येक फेरीच्या यादीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर सरस वाटणारीच कॉलेजं लिहा. एमसीसीत पहिल्या फेरीची जागा सोडता येते, दुसरीत सोडली की अनामत जाते आणि उरलेल्या जागांच्या शेवटच्या, म्हणजे स्ट्रे फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या नीटवर बंदीची वेळ येऊ शकते. हे नियम वर्षागणिक थोडे बदलतात. माहितीपुस्तिकेतला फेऱ्यांचा तक्ता छापून भिंतीला लावा.

खासगी कॉलेज लिहिण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्याची मंजूर फी बघा. शिक्षण साडेचार वर्षांचं आणि त्यापुढे वर्षभर इंटर्नशिप असते. फी किती वर्षांची घेतात, मेस आणि वसतिगृह त्यात आहे का, हे कॉलेजला लेखी विचारा. संस्थात्मक कोट्याची, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याच्या जागांची फी नेहमीच्या फीच्या काही पट असते, त्या रकान्यावर खूण करताना घाई नको. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे, पण ती कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशालाच. एजंट फोनवर "थेट सीट" देतो म्हणाला तर फोन ठेवा. समुपदेशनाबाहेरून झालेला एमबीबीएस प्रवेश ग्राह्य धरला जात नाही.

त्याच नीटवर बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि फिजिओथेरपीही आहे. बीएएमएसच्या अखिल भारतीय जागांसाठी एएसीसीसीकडे, म्हणजे आयुषच्या केंद्रीय समुपदेशन समितीकडे, तिसरी नोंदणी लागते. एमबीबीएसची वाट बघण्यात तिची तारीख निघून जाते. परदेशाचा विचार असेल तर किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम या तीन अटी आधी तपासा. परतल्यावर एफएमजीईत, म्हणजे परदेशी पदवीधर डॉक्टरांच्या पात्रता परीक्षेत, ३०० पैकी १५० लागतात, आणि नीटची पात्रता तिथे जायलाही लागतेच.