जुना सर्व्हर कंटेनरमध्ये हलवताना: इनिट स्क्रिप्टचा माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात माझी पहिली नोकरी. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना वजनकाट्याचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही देतो. एका गिऱ्हाइकाचा जुना डेबियन सर्व्हर शेवटच्या घटका मोजत होता, तो कंटेनरमध्ये, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या (होस्टवरच्या) एका बंदिस्त डब्यात, हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी अख्खी फाइल सिस्टिम टार करून (एका फाइलीत बांधून) तिचीच डॉकर इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बनवली. आतलं इनिट, म्हणजे मशीन सुरू होताना बाकी सगळं सुरू करणारा पहिला प्रोग्राम, नीट उठेना, म्हणून प्रिव्हिलेज्ड मोड लावला, ज्यात कंटेनरला होस्टवर जवळपास सगळी मुभा मिळते. उठलं. काट्याच्या नोंदी दिसायला लागल्या.

अर्ध्या तासात त्याच होस्टवरचे दुसरे दोन कंटेनर पडले. लॉगमध्ये एकच ओळ, ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’. मेमरी तर मोकळी दिसत होती!

संध्याकाळी कारण सापडलं. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी डेटाबेससाठी ओव्हरकमिट मेमरीची (असलेल्यापेक्षा जास्त मेमरीचा शब्द द्यायचा की नाही याची) सेटिंग २ करून ठेवली होती. इनिटने आरसीएस-डॉट-डी या फोल्डरमधल्या, सुरुवातीला चालणाऱ्या स्क्रिप्ट ओळीने चालवल्या, त्यात कर्नल सेटिंग लावणारी प्रॉकपीएसची स्क्रिप्ट होती, आणि तिने ती सेटिंग थेट कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, लावली. कर्नल होस्टचाच, सगळ्यांना मिळून एक. २ म्हटलं की कर्नल एरवी स्वॅप (डिस्कवरची जोडमेमरी) अधिक निम्म्या रॅमपलीकडे मेमरीचा शब्द कुणालाच देत नाही. ऑफिसातले दादा स्क्रीनकडे बघत म्हणाले, “स्क्रिप्टला काय कळतंय गं, ती मशीनवर हाय का डब्यात हाय ते?”

नव्याने या कामात येणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. त्या स्क्रिप्ट अख्खं मशीन आपलंच आहे असं धरून लिहिल्यात: डिस्क तपासा, माउंट करा, यूडेव्ह (जोडलेली उपकरणं ओळखणारा प्रोग्राम) उठवा, हार्डवेअरचं घड्याळ लावा. कंटेनरमध्ये यातलं एकही काम तुमचं नाही. साध्या कंटेनरला परवानगी नसल्यामुळे त्या नुसत्या एरर देऊन गप्प बसतात. प्रिव्हिलेज्ड दिलं की होस्टवर हात चालवतात. त्यामुळे इनिट उठत नाही म्हणून प्रिव्हिलेज्ड लावणं हा उपाय नाहीच.

मी आता इनिट चालवतच नाही. इनिट-डॉट-डी या सर्व्हिसच्या स्क्रिप्टांच्या फोल्डरमधली हवी ती स्क्रिप्ट उघडायची, त्यातली प्रोग्राम सुरू करणारी ओळ शोधायची आणि ती एंट्रीपॉइंटमध्ये, म्हणजे कंटेनर उठताच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, ‘एक्झेक’ लावून लिहायची; एक्झेकमुळे शेलची जागा प्रोग्रामच घेतो. एक्झेक विसरलात तर पीआयडी १ वर, म्हणजे पहिल्या प्रोसेसच्या जागी, शेल बसतं, थांबायचा सिग्नल प्रोग्रामपर्यंत पोचत नाही, आणि डॉकर १० सेकंद वाट बघून त्याला ठार करतं. काट्याची अर्धी नोंद तिथंच जाते.

पॅकेज टाकताना सर्व्हिस आपोआप सुरू होते, ते रोखायला डेबियनमध्ये पॉलिसी-आरसी-डॉट-डी नावाची फाइल आहे. तिने १०१ परत केलं की पॅकेजच्या वतीने सर्व्हिस सुरू करणारी इनव्होक-आरसी-डॉट-डी ही कमांड सर्व्हिस सुरू करत नाही. फाइल एक्झिक्युटेबल हवी, नाहीतर तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. माझा एक दुपारभर वेळ यात गेलाय. शिवाय ‘सर्व्हिस’ कमांड ही फाइल विचारतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

कधी खरंच इनिट लागतं, उदाहरणार्थ एलएक्ससीमध्ये, म्हणजे अख्ख्या सिस्टिमसारख्या चालणाऱ्या कंटेनरमध्ये. इनिटचेही प्रकार असतात: सिसव्ही, ओपनआरसी, सिस्टमडी. तेव्हा जुन्या सिसव्ही इनिटवर नको त्या स्क्रिप्ट अपडेट-आरसी-डॉट-डी या कमांडने डिसेबल करा. ओपनआरसीमध्ये स्क्रिप्टच्या डिपेंड भागात कीवर्डपुढे उणे एलएक्ससी, उणे डॉकर असं लिहिता येतं, मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण नियम स्क्रिप्टच्या अंगावरच राहतो. सिस्टमडीच्या जुन्या आवृत्त्या अशा स्क्रिप्टसाठी स्वतःच युनिट (सर्व्हिसची नोंद) तयार करतात, ती मास्क करावी, म्हणजे पूर्ण बंद करावी, लागतात.

आणि हलवाहलवीच्या दिवशी, कंटेनर उठवायच्या आधी, होस्टवरच्या सगळ्या कर्नल सेटिंग एका फाइलीत काढून ठेवा. उठवल्यावर परत काढा, दोन्ही फाइलींना डिफ लावून काय बदललं ते बघा. त्या वजनकाट्याच्या कंटेनरला दुसऱ्या वेळी असा डिफ लावला, तेव्हा ओव्हरकमिटची ओळ त्यात नव्हती.